बिनदुधाच्या चहाची मीमांसा

प्राचीन शास्त्रग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची प्रथा होती. म्हणजे ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, विषयाचा आणि ग्रंथाचा संबंध कसा, आणि तो वाचण्याचा अधिकारी कोण, या चार गोष्टी ग्रंथकार आधीच स्पष्ट करीत असे, जेणेकरून अनधिकारी वाचकाने पुढची पाने उलटण्याचे कष्ट घेऊ नयेत. प्रस्तुत निबंधाचा विषय घरच्या घरी करावयाचा, मसाला घातलेला, परंतु गाय, म्हैस व शेळी यांपैकी कोणाचेही दूध नसलेला चहा हा आहे. प्रयोजन इतकेच की तो पिणाऱ्याला पुन्हा प्यावासा वाटावा आणि न पिणाऱ्याने निदान नाक मुरडू नये. संबंध स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दिवाणखान्यापर्यंतच्या अंतराएवढा निकटचा आहे. राहता राहिला अधिकारी, आणि खरी अडचण तेथेच आहे, कारण चहाविषयी ठाम मत नसलेला मराठी मनुष्य अजून जन्मास यावयाचा आहे.

तथापि स्थूलमानाने अधिकाऱ्यांचे चार वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात दूध न पचणारे लोक येतात. दुधातील लॅक्टोज नावाची साखर पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, लागते. बालपण सरल्यावर जगातील बहुसंख्य माणसांत ते घटत जाते, न पचलेली साखर मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या हाती लागते, आणि त्यानंतर पोटात जो गडगडाट सुरू होतो त्याचा दोष आदल्या रात्रीच्या वाटाण्याच्या उसळीला दिला जातो. दुसरा वर्ग दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांचा. तो लहान पण गंभीर असून त्याच्याबाबतीत विनोदाला जागा नाही. तिसरा वर्ग व्हीगन म्हणवणाऱ्यांचा, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ वर्ज्य मानणाऱ्यांचा; या पंथाला हे नाव १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. चौथ्या वर्गाचा उल्लेख कोणत्याही ग्रंथात आढळत नाही, परंतु तोच सर्वांत मोठा असावा: पाहुणे येऊन टेकल्यानंतर ज्यांच्या घरी दूध नासल्याचे उघडकीस येते, नाक्यावरचे दुकान बंद असते आणि शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप असते, ते सर्व गृहस्थ व गृहिणी या वर्गात मोडतात.

या चारही वर्गांना घरात सारखी वागणूक मिळते असे मात्र नाही. मराठी घरात पोटाच्या कारणाला मान असतो, मनाच्या कारणाला नसतो. डॉक्टरांनी दूध बंद केले आहे एवढे सांगताच सर्वांचे चेहरे मवाळ होतात, आत्याबाई ओव्याचा उपाय सुचवतात, आणि कोणाच्या तरी भाच्याला अगदी असेच झाले होते ही माहिती विनामूल्य मिळते. परंतु म्हशीच्या पारड्याचा विचार करून दूध सोडले असे म्हटल्यास त्याच आत्याबाई "म्हणजे इतकी वर्षं आम्ही काय पारडी उपाशी ठेवली?" असे विचारतात, आणि चर्चा चहावरून घराण्याच्या इतिहासावर जाते. शेवटी तडजोडीचे सूत्र घरातील ज्येष्ठ स्त्रीच मांडते: "अरे, रंगापुरतं घातलंय, ते काही दूध नव्हे."

हे सूत्र हास्यास्पद वाटले तरी त्याला थोर पूर्वाधार आहे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत असताना दूध वर्ज्य केले. पुढे १९१८ मध्ये ते गंभीर आजारी पडले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असे डॉक्टर सांगू लागले, आणि व्रत मोडणार नाही असे गांधीजी सांगू लागले. तेव्हा व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती, हा मुद्दा कस्तुरबांनी काढला आणि १९१९ पासून शेळीचे दूध सुरू झाले. व्रताचे अक्षर पाळले गेले पण आशय सुटला, ही बोच गांधीजींना पुढेही राहिली आणि ती त्यांनी आत्मकथेत नोंदवून ठेवली. ज्या प्रश्नावर महात्म्याला घरच्या माणसापुढे नमते घ्यावे लागले, त्या प्रश्नावर एखाद्या संगणक अभियंत्याने रविवारी सकाळी आजीशी वाद घालून जिंकावे, ही अपेक्षा अवास्तव म्हटली पाहिजे.

शास्त्रचर्चेत आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावे लागते, त्यास पूर्वपक्ष म्हणतात. येथील पूर्वपक्ष असा की दूध घालून उकळलेला आले-वेलचीचा चहा ही आपली परंपरा होय, आणि त्यातून दूध वगळणे हा परंपरेचा भंग होय. हे म्हणणे तपासण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. १८९० साली गोपाळराव जोशी यांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना एका कार्यक्रमास बोलावले. तेथे चहा आणि बिस्किटे पुढे आली, कोणी चहा प्याले, कोणी भीड म्हणून पेला घेऊन बाजूस ठेवला, आणि नंतर उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आल्यावर सनातनी पुण्यात एकच गदारोळ उडाला. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही या प्रकरणात प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. आक्षेप मिशनऱ्यांच्या हातच्या खाण्यापिण्याला होता, हे खरे. पण ज्या शहरात एकेकाळी चहाच्या पेल्यापायी धर्मपीठापर्यंत प्रकरण जात असे, त्याच शहरात आज चहाला नाही म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते, यावरून परंपरेचे वय किती असते याचा अंदाज यावा.

मसाल्याची गोष्टही याहून फार वेगळी नाही. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून पुढे चहाचा प्रचार सुरू झाला. प्रचारक गावोगावी, जत्रांत आणि रेल्वे स्थानकांवर जाऊन चहा कसा करावा याची प्रात्यक्षिके देत. या मंडळींना अभिप्रेत असलेला चहा म्हणजे किटलीत नीट मुरवलेला, वरून थोडेसे दूध घातलेला, सभ्य चहा. विक्रेत्यांनी मात्र त्यात भरपूर दूध, भरपूर साखर आणि मसाला घालून पावडर कमी वापरण्याची युक्ती शोधली, आणि चहाचा खप कमी होतो म्हणून प्रचारक त्यांच्यावर नाराज झाले. म्हणजे आज ज्याला अस्सल म्हणून गौरवले जाते, तो मसाला चहा चहाच्या अधिकृत धर्मोपदेशकांच्या लेखी पाखंडच होता. दुधाचेही तसेच. मुंबईत दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने टोन्ड दूध आले, म्हणजे म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश सुमारे ३ टक्क्यांवर आणलेले दूध. गवळ्याने पाणी घातले की त्याला भेसळ म्हणावयाचे आणि सरकारने घातले की योजना, हा भेद मुंबईकराने लवकरच मान्य केला. सारांश, ज्या पेयात प्रत्येक पिढीने काही ना काही घातले किंवा पातळ केले, त्याच्या शुद्धतेचा दाखला देणे पूर्वपक्षाला पेलणारे नाही.

पूर्वपक्षाचा इतिहास असा कच्चा असला तरी त्याची जीभ मात्र पक्की आहे, हे उत्तरपक्षाने, म्हणजे प्रत्युत्तर देणाऱ्या बाजूने, मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दूध काढून घेतल्यावर चहा वाईट लागतो हे निरीक्षण खरे आहे. प्रश्न आहे तो कारणाचा. भारतीय घरांत वापरली जाणारी दाणेदार पावडर सीटीसी पद्धतीने केलेली असते. पाने चुरडणे, फाडणे आणि वळवणे या तीन क्रिया दातेरी रुळांत एकदम उरकणारी ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली, आणि तिच्यामुळे थोड्या पावडरीतून झटपट कडक, लालभडक अर्क मिळू लागला. या अर्कात पॉलिफिनॉल वर्गातील द्रव्ये असतात, ज्यांना व्यवहारात टॅनिन म्हणतात, आणि तीच जीभ कोरडी पडल्यासारखी करणारा तुरटपणा आणतात. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते, आणि केसीनला या तुरट द्रव्यांना बांधून ठेवण्याची विलक्षण हौस असते. चहात दूध पडले की बराचसा तुरटपणा केसीनला चिकटतो आणि जिभेपर्यंत पोहोचतच नाही. दुधाचे हे पहिले काम.

दुसरे काम स्निग्धांशाचे. वेलची, लवंग, दालचिनी, जायफळ यांचा सुगंध ज्या तेलांत असतो ती तेले पाण्यात फारशी विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात मात्र आनंदाने विरघळतात. त्यामुळे म्हशीच्या दुधातील चरबी हा सुगंध धरून ठेवते आणि घोटागणिक सावकाश सोडते. तिसरे काम दाटपणाचे, ज्यामुळे पेय तोंडात भरल्यासारखे वाटते. आणि चौथे काम, जे कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले नाही, ते क्षमेचे. पावडर जास्त पडली, फोनवर बोलताना उकळी लांबली, सकाळचाच चहा संध्याकाळी पुन्हा गरम केला, आल्याचा तुकडा अंगठ्याएवढा होता: या सर्व अपराधांवर दूध मुकाट्याने पांघरूण घालते. पिढ्यान्‌पिढ्या कौतुक झालेला "आमच्या हिचा चहा" हा पुष्कळदा म्हशीचा पराक्रम असतो, आणि श्रेय मात्र गृहिणीला मिळते किंवा, ती माहेरी गेलेली असल्यास, पातेल्याला मिळते.

म्हणून पांढऱ्या रंगाच्या जागी पांढरा रंग घातला की बिनदुधाचा चहा झाला, अशी जी समजूत आहे ती सर्व अनर्थांचे मूळ होय. दूध चार कामे करीत होते. त्याच्या जागी येणाऱ्याने किती कामे करावीत हे पाहिल्याशिवाय त्याची नेमणूक करणे गैर आहे. संस्कृत काव्यशास्त्रात काव्यदोषांची गणना केलेली असते, त्याच धर्तीवर वनस्पतिजन्य दुधांचे चार दोष सांगता येतील: विघटनदोष, पिच्छिलदोष, अभावदोष आणि गंधदोष.

विघटन म्हणजे फुटणे, आणि या दोषाचे सर्वोत्तम उदाहरण सोयाबीनचे दूध होय. आम्लता मोजण्याच्या पीएच या मापावर ७ हा आकडा उदासीन मानतात आणि त्याखाली आम्लता वाढत जाते. कोरा चहा ५ च्या आसपास असतो, तर सोयाबीनची प्रथिने साडेचाराच्या आसपास एकमेकांना चिकटून गोळा होतात, आणि वर उष्णता मिळाली की त्यांना ती घाई आधीच होते. उकळत्या कडक चहात थंड सोया दूध ओतणाऱ्याच्या कपात जे तरंगू लागते ते टोफूचे प्राथमिक रूप असते, आणि ते पाहून घरातील वडीलधारी माणसे जो उद्गार काढतात तो छापण्याजोगा नसतो. यावर चिमूटभर खाण्याचा सोडा हा उपाय आहे. काश्मीरच्या नून चहात सोडा घालतातच. पण चिमटीचे माप माणसागणिक बदलते, आणि सोडा थोडा जरी वाढला तरी चहाला धोबीघाटाची कळा येते.

पिच्छिल हा आयुर्वेदातील शब्द असून त्याचा अर्थ बुळबुळीत असा होतो, आणि हा दोष घरी केलेल्या ओटच्या दुधाचा. ओटमध्ये पिष्ट, म्हणजे स्टार्च, भरपूर असते आणि उकळत्या तापमानाच्या बऱ्याच आधीच ते पाणी शोषून फुगते; कारखान्यात विकरे वापरून या पिष्टाची साखर केली जाते, म्हणून डब्यातले दूध पातळ राहते, पण घरच्या मिक्सरला ही विद्या अवगत नसते. ओट रात्रभर भिजवून, खूप वेळ फिरवून, वर आणि खळखळ उकळणाऱ्याला चहाऐवजी पेज मिळते, आणि ती चमच्याने खावी की कपाने प्यावी यावर घरात दोन तट पडतात. अभावदोष बदामाच्या दुधाचा: विकतच्या बदाम दुधात मुख्यतः पाणीच असते, त्यामुळे ते चहात घातल्यावर चहा फिका होतो, पण चहात काही घातले असल्याचा पुरावा मिळत नाही; शिवाय ज्या समाजात बदाम परीक्षेच्या दिवसांत मोजून दिले जातात, तेथे त्यांचे पाणी करून चहात ओतणे हा आर्थिक गुन्हाही ठरतो.

गंधदोष दोन घरच्या माणसांत आढळतो, नारळात आणि शेंगदाण्यात. नारळाच्या दुधात स्निग्धांश उत्तम असतो, मसाल्याचा सुगंध तो झकास धरतो, आणि फुटू नये म्हणून आच बंद केल्यावर शेवटी घालावे हे कोकणातल्या कोणत्याही सुगरणीला शिकवावे लागत नाही. अडचण अशी की नारळ कोठेही गेला तरी स्वतःची ओळख विसरत नाही. त्याचा चहा पिताना कोकणी मनुष्य दुसऱ्या घोटाला सोलकढीच्या आठवणीने व्याकूळ होतो आणि तिसऱ्या घोटाला भाताची चौकशी करतो. शेंगदाण्याचे दूध स्वस्त आणि सकस, परंतु कच्चे दाणे वाटले तर कच्चट वास येतो आणि भाजून वाटले तर पिणारा एकदम कॅलेंडरकडे पाहून आज एकादशी आहे काय असे विचारतो.

या साऱ्यांत सर्वांत कमी दोष असलेला उमेदवार काजू होय, असे या निबंधाचे मत आहे. काजूत जवळपास निम्मा भाग स्निग्धांश असतो, त्यामुळे मसाल्याचा सुगंध धरला जातो. पिष्टही बेताचे असते, त्यामुळे उकळी आल्यावर दाटपणा येतो. आणि त्याची स्वतःची चव इतकी सोशीक असते की ती मसाल्याच्या वाटेत येत नाही. काजू हा परदेशी असल्याचा आक्षेप कोणी घेऊ नये, कारण पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून गोव्यात आणलेले हे झाड आता कोकणात इतके रुजले आहे की वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती गावाच्याच नावाने, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा, ओळखल्या जातात. खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. अखंड पांढऱ्या काजूचा डबा घरात पाहुण्यांसाठी व दिवाळीसाठी लपवून ठेवलेला असतो आणि त्याला हात लावणे धोक्याचे असते. परंतु वाटायचेच असल्याने तुकडा काजू पुरतो, तो स्वस्त पडतो आणि लपवलेला नसतो.

आता विधी. दोन कप चहासाठी काजूच्या पंधरा ते वीस पाकळ्या किंवा तेवढाच तुकडा अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, पाणी काढून टाकून, अर्धा कप ताज्या पाण्याबरोबर गंधासारखे मुलायम वाटावे. वाटण बोटांत चरचरीत लागत असेल तर ते चहातही लागेल, म्हणून येथे मिक्सरवर दया करू नये. पातेल्यात दोन कपांपेक्षा थोडे कमी पाणी घेऊन आधण ठेवावे, म्हणजे ते उकळायला ठेवावे, आणि त्यात ठेचलेले आले, दोन वेलदोडे, एक लवंग, दोन मिरे आणि दालचिनीचा नखाएवढा तुकडा घालून वर काजूच्या वाटणातील एक चमचा सोडावा, कारण सुगंधी तेलांना धरायला काहीतरी स्निग्ध आधीपासून हजर असले पाहिजे. दुधाच्या चहाच्या सवयीने लवंग आणि मिरे मूठभर टाकू नयेत. दूध त्यांचा तिखटपणा गिळत असे, आता तो पिणाऱ्याला गिळावा लागेल. मंद आचेवर पाच-सात मिनिटे मसाला उकळल्यावर साखर आणि, असल्यास, गवती चहाची एक-दोन पाती घालावीत. गवती चहाचा लिंबासारखा वास उडून जाणारा असतो, म्हणून त्याला शेवटी बोलवावे.

यानंतर पावडरीचा प्रवेश होतो आणि येथेच बहुतेकांचा संयम सुटतो. नेहमीच्या पावडरीच्या पाऊणपट पावडर घालून दोन मिनिटांत आच बंद करावी, एक मिनिट झाकण ठेवावे आणि लगेच गाळावे. "चहा उकळला पाहिजे" हा जो सिद्धान्त महाराष्ट्रात अपौरुषेय, म्हणजे कोणा माणसाने न सांगितलेला आणि म्हणून प्रश्नातीत, मानला जातो, त्याचे येथे पालन झाल्यास सर्व श्रम वाया जातात. उकळायचा तो मसाला, पावडर नव्हे. काजूत केसीन नाही, त्यामुळे जास्त उतरलेला तुरटपणा बांधून ठेवायला कोणी नसते, तो मुळातच कमी उतरू देणे हाच मार्ग उरतो. गाळलेल्या चहात उरलेले काजूचे दूध घालून पातेले पुन्हा आचेवर ठेवावे आणि एक उकळी येईपर्यंत ढवळत राहावे, कारण पिष्ट बुडाला लागते आणि करपलेल्या काजूचा वास कोणताही मसाला झाकू शकत नाही. गुळाचा चहा हवा असणाऱ्यांनी गूळ आच बंद केल्यावर घालावा. गुळाने दुधाचा चहा फाटतो हे कोल्हापूरकरांना सांगण्याची गरज नाही, आणि काजूच्या सहनशीलतेचीही उगाच परीक्षा पाहू नये.

चहा झाला तरी प्रकरण संपत नाही, कारण तो पाहुण्यांपुढे न्यावा लागतो. आधी सांगावे की नंतर, हा येथील मोठा वाद आहे. आधी सांगितले तर पाहुणा पहिला घोट दुखवट्याच्या चेहऱ्याने घेतो. नंतर सांगितले तर फसवणुकीचा आरोप येतो. आणि ॲलर्जीचा विचार करता काजूची कल्पना आधी देणे हेच धर्म्य होय. पाहुण्याचा अभिप्राय समजून घेण्यासाठी मराठी शिष्टाचाराची परिभाषा अवगत असावी लागते: "छान" म्हणजे बरा नाही, "वेगळा लागतो" म्हणजे वाईट आहे, "तब्येतीला चांगला असणार" म्हणजे असह्य आहे, आणि खरी पावती "अर्धा कप अजून आहे का?" या एकाच वाक्याने मिळते. त्यातही खेदाची गोष्ट अशी की तत्त्वासाठी काजू भिजवून, वाटून, ढवळून केलेल्या चहात पुष्कळदा जे ग्लुकोज बिस्किट बुडवले जाते त्याच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत दुधाचे घनपदार्थ सुखाने नांदत असतात, आणि खालच्या बशीतल्या शंकरपाळ्यांत तर तुपाचे मोहन असते. चकली त्या मानाने निर्दोष आहे, पण ती चहात बुडवता येत नाही.

शेवटी सिद्धान्त, म्हणजे दोन्ही पक्ष ऐकून ठरलेले मत, मांडणे क्रमप्राप्त आहे. बिनदुधाचा चहा ही काही परदेशातून डब्यात बंद होऊन आलेली नवी कल्पना नव्हे. केरळातील सुलेमानी, बंगालमधील लेबू चा, काश्मीरमधील काहवा, आसामातील लाल चा हे सर्व दुधावाचून पिढ्यान्‌पिढ्या सुखात आहेत; आणि महाराष्ट्रातही दुभते जनावर आटले, किंवा दूध घेण्याइतके पैसे नसले, की घरोघर गुळाचा कोरा चहा होतच आला आहे. त्याला कोणी तत्त्वज्ञान म्हटले नाही, त्याचे कोणी फोटो काढले नाहीत, आणि तो करणाऱ्या बायकांना पावडर किती घालावी व केव्हा उतरवावी हे नेमके ठाऊक होते, कारण चूक झाकायला त्यांच्यापाशी दूध नव्हते. कोऱ्या चहाची ही शिस्त दुधाच्या सुकाळात हळूहळू सुटली आणि आता काजू, ओट व बदाम यांच्याकडून ती उणीव भरून निघावी अशी अपेक्षा केली जात आहे, जी या बिचाऱ्यांवर अन्याय करणारी आहे.

तेव्हा निर्णय असा की ज्याचा कोरा चहा पिण्याजोगा होतो त्याने त्यात वाटेल ते दूध घालावे, ते शोभेलच. आणि ज्याचा होत नाही त्याने महागडे डबे आणण्यापूर्वी पावडर कमी करावी, घड्याळाकडे पाहावे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पातेल्यापाशी उभे राहावे, आणि तरीही चहा बिघडल्यास गोठ्यातील म्हशीला किंवा वेंगुर्ल्याच्या काजूला बोल लावू नये.